सुटीतील सेवा : आमच्या मुलांनी गावासाठी काय करावे?

(शब्बाथशाळेचे शिक्षक, उपदेशक व आईबाप यांच्यासाठी धडा)

वाचावयाचे भाग : २ राजे ५ : १–१४, योहान ६ : १–१३.

मे महिना लागला म्हणजे जालना जिल्ह्यातील शाळांची दारे बंद होतात, ती जूनच्या मध्यास उघडतात. त्यानंतर दिवाळीची सुटी येते आणि वर्षाच्या शेवटी नाताळचे थोडे दिवस मिळतात. शेतकऱ्याच्या व मजुराच्या घरी सुटी म्हणजे निव्वळ विसावा नव्हे, हे आम्ही जाणून आहो. मुलगा शेरडांमागे जातो, मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन पाणी भरते. तरीही दिवसाकाठी तास दोन तास असे उरतात की, ज्यांचे काय करावे हे मुलास कळत नाही व आईबापांसही सुचत नाही. अशा रिकाम्या तासांतून गावाचे काही हित साधेल काय, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. गावाचे आपणांवर ऋण आहे काय?

हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत सहज सुटणारा नाही. 'गावाचे ऋण फेडा' असे मुलास सांगितले, तर एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "गावाने आम्हांस काय दिले?" त्याच्या आजोबांस गावच्या विहिरीवर घागर बुडवू दिली नव्हती. त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती. मेलेले ढोर ओढणे, सांगावा घेऊन धावणे, चावडी झाडणे ही कामे त्यांच्या माथी जन्माबरोबर आली होती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस हजारो लोकांसह जावे लागले, ही गोष्ट आमची मुले शाळेच्या पुस्तकात वाचतात. तेव्हा मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, खरा आहे. त्यास दटावून गप्प बसविणारा शिक्षक धड्याचा गाभाच हरवून बसेल.

ह्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वाचनभागात आहे. अरामी टोळ्यांनी इस्राएल देशातून एक लहान मुलगी धरून नेली आणि ती सेनापती नामान याच्या बायकोची दासी झाली. तिचे नावही लिहून ठेवलेले नाही. नामानाच्या घराचे तिच्यावर कोणते ऋण होते? काहीच नाही; उलट त्या घराकडूनच तिचे येणे होते. तरीही धन्याचे कोड पाहून, शोमरोनातील संदेष्टा त्यास बरे करील, असे ती आपण होऊन म्हणाली. तिच्या त्या एका बोलण्यावरून राजाचे पत्र गेले, रथ निघाले आणि नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारून शुद्ध झाला.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. त्या मुलीने धनिणीचे पाय चेपले असतील, पाणी आणले असेल. ती बळाने घेतलेली चाकरी होती आणि शास्त्र तिची स्तुती करीत नाही. तिच्या तोंडून निघालेला हिताचा शब्द मात्र कोणी मागितला नव्हता व कोणी बळाने घेतला नव्हता. तो तिने दिला, म्हणून ते देणे झाले. देणारा लहान असला, बंदिवान असला, तरी दान देतेवेळी तो कोणाचा दास नसतो.

२. वेठ निराळी, सेवा निराळी

ह्यावरून शिक्षकांनी मुलांपुढे दोन शब्द ठेवावे : वेठ आणि सेवा. वेठ दुसऱ्याच्या हुकुमाने होते, सेवा आपल्या मनाने होते. वेठीत एकच आळी राबते व बाकीचे पाहतात. सेवेत सर्वांचे हात लागतात. वेठ करणाऱ्यास 'नको' म्हणण्याची सोय नसते, सेवा करणाऱ्यास असते. भारताच्या संविधानाने २३ व्या अनुच्छेदात वेठबिगारीस बंदी केली आहे. ती पुन्हा 'सेवा' ह्या गोड नावाने आमच्याच हातून आत येऊ नये.

सबब एक नियम आम्ही स्पष्ट सांगतो. गावाचा रस्ता झाडावयाचा असेल, तर तो आमच्याच वस्तीच्या मुलांनी झाडावा व इतरांच्या मुलांनी ओट्यावर बसून पाहावा, असे काम हाती घेऊ नये. चार आळ्यांची मुले मिळत असतील, तरच झाडू उचलावा. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनापूर्वी स्वतः गाव झाडीत. ते झाडू लागले की लोक आपोआप हातात खराटे घेत. झाडण्यात हलकेपणा नाही. हलकेपणा आहे तो एकाने झाडावे व दुसऱ्याने फक्त घाण करावी, ह्या रीतीत.

दुसरा नियम आमच्यासारख्या पाळकांस व उपदेशकांस लागू आहे. मुलांची सेवा म्हणजे पाळकाच्या घरचे सरपण आणणे किंवा मंडळीच्या वडिलांचे शेत निंदणे नव्हे. ज्याच्या हातात अधिकार आहे, त्याच्या घरचे काम मुलांनी फुकट केले की ती वेठ झाली.

तिसरा नियम कायद्याचा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळा सुटल्यावर व सुटीत आपल्याच कुटुंबास बिनधोक्याच्या कामात मदत करण्याची मोकळीक आहे. म्हणून सुटीतील सेवा कोणाची मजुरी वाचविण्यासाठी नसावी. जे काम मोलाने करून घेतले असते, ते मुलांकडून फुकट घेऊन गरीब मजुराची रोजी बुडवू नये.

३. लहान हातांची मोठी कामे

दुसऱ्या वाचनभागातील मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. त्याने आपली शिदोरी पुढे केली, एवढेच त्याचे काम. इतिहासातही असे घडले आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाने १८५६ साली पॅसिफिक महासागरातील बेटांसाठी 'मॉर्निंग स्टार' नावाचे जहाज बांधविले. त्याचा पैसा मुख्यतः शब्बाथशाळांच्या मुलांनी दिला. दहा सेंटांस एक भाग, याप्रमाणे मुलांनी जहाजाचे भाग विकत घेतले. मिझोरममधील मंडळ्यांत १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवण्याचा परिपाठ चालू आहे. आमच्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांतील गरीब मुलांस घरोघरच्या मुठीच्या धान्याचा आधार होता.

आमच्या जिल्ह्याचीही कथा आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रे. नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले आणि त्यांनी जवळच बेथेल हे गाव वसविले. त्यासाठी निजामाचे दिवाण सर सालार जंग यांनी जमीन दिली. ज्यांस गावात जागा नव्हती, त्यांस तेथे घर, शाळा व मंदिर मिळाले. १८९१ साली शेषाद्री वारले, पण गाव राहिले. यावरून एवढे दिसते की, ज्यास गाव मिळाले नाही तो गाव बांधूही शकतो. आमच्या मुलांस हेच शिकवावयाचे आहे. गाव हे पाटलाचे नव्हे व सरपंचाचे नव्हे. जो त्याच्या पाण्याची, झाडांची व माणसांची काळजी घेतो, त्याचेही ते असते.

४. करावयाची कामे

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील खेडी सारखी नाहीत. गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीची गरज निराळी, भोकरदन-जाफराबादची निराळी. तरी पुढील कामे बहुतेक ठिकाणी होण्यासारखी आहेत. सगळी हाती घेऊ नयेत. एक किंवा दोन निवडावी व शेवटास न्यावी.

(अ) ऊसतोडीहून परतलेल्या मुलांस वाचावयास शिकविणे. हे काम आम्ही सर्वांत वर ठेवतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलखात जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. काही टोळीबरोबर जातात आणि त्यांचे अर्धे वर्ष उसाच्या फडात जाते. ती परत येतात तेव्हा शाळेस सुटी लागलेली असते किंवा लागण्याच्या बेतात असते! जून महिन्यात ती वरच्या वर्गात बसतात, पण अक्षर लागत नाही. मग लाज वाटते, आणि लाजेने शाळा सुटते. म्हणजे मे महिना हाच त्यांचा एकुलता एक आधार आहे. सहावी-सातवीतील मुलाने अशा एका मुलास रोज सकाळी पाऊण तास जवळ बसवावे. एकास एक, याहून अधिक नको. आरंभी त्याचे स्वतःचे नाव, आईचे नाव, गावाचे नाव लिहावयास शिकवावे. नंतर एसटीची पाटी, दुकानाची पाटी व शेवटी गोष्टीचे पुस्तक घ्यावे. शिकविणाऱ्याने हसू नये, हा एकच कडक नियम. न्यूयॉर्क शहरात १८९८ साली हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी सुटीतील शास्त्रशाळा भाड्याच्या जागेत सुरू केली. त्यातून पुढे जगभर तशा शाळा निघाल्या. आमच्या झाडाखालच्या शाळेस तर भाडेही नाही.

(आ) पाणी. १९७२ चा दुष्काळ आजोबांस आठवतो. २०१२-१३ साली पाण्यावाचून वाळलेल्या मोसंबीच्या बागा आईबापांस आठवतात. पाण्याची काळजी घेण्यात मुलांचा वाटा असावा. एसटीच्या थांब्यापाशी पाण्याचा रांजण भरून ठेवणे, तो रोज घासून धुणे व त्यावर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवणे, हे काम पाळीपाळीने करता येते. रांजण सर्वांचा आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. पिणाऱ्यास जात विचारावयाची नाही. हापशाभोवती साचणारा चिखल काढून पाण्यास वाट करून द्यावी. मोठ्यांनी शोषखड्डा खणला तर दगडगोटे वेचून आणणे मुलांस जमते.

मोठ्या मुलांस एक हिशेबही घालावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी मिळेल? शंभर चौरस फूट म्हणजे सुमारे सव्वानऊ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा एका सरीत सुमारे १८५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी! पत्र्याच्या काठास पन्हळ लावून हे पाणी टाकीत घेता येते. पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून द्यावे. हा हिशेब मुलाने घरी सांगितला, तर बाप पन्हळीचा विचार करील. पाणी अडविण्याने गाव बदलते याचा दाखला दूर शोधावयास नको. जालना तालुक्यातील कडवंची गावी १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने पाणलोटाचे काम झाले. आज तेथे शेततळी व द्राक्षबागा उभ्या आहेत.

(इ) बियाणे व झाडे. चिंचोके वाळवून ठेवले तर टिकतात. म्हणून उन्हाळ्यात जमवून पावसाच्या तोंडी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावावे. लिंबोळीचे तसे नाही. ती पिकून पडली की दोन-तीन आठवड्यांतच तिची उगवणशक्ती जाते, तेव्हा ताजीच पेरावी. जी पेरावयाची नाही, ती धुऊन, सावलीत वाळवून एखाद्या विधवा बाईस किंवा अल्पभूधारक शेतकऱ्यास द्यावी. पाच किलो निंबोळीच्या चुऱ्याचा अर्क शंभर लिटर पाण्यास पुरतो आणि कपाशीवरील किडीसाठी तो फवारतात. तेवढाच तिचा औषधाचा खर्च वाचेल. झाड लावून त्याचे चित्र काढण्यापुरते उभे राहणे ही सेवा नव्हे. प्रत्येक रोपास एका मुलाचे नाव द्यावे आणि पुढल्या मे महिन्यात ते रोप जिवंत आहे की नाही, हे मंडळीपुढे सांगावे.

(ई) म्हातारी माणसे. ज्यांची मुले पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास कामास गेली, अशी आजी-आजोबा गावोगाव एकटी आहेत. त्यांस वर्तमानपत्र किंवा शास्त्र वाचून दाखविणे, औषधाची वेळ सांगणे, श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाचा कागद काय म्हणतो ते समजावून देणे, ही कामे मुले करू शकतात. मात्र पैशाच्या व्यवहारात मुलांनी हात घालू नये. बँकेचे पुस्तक व मोबाईलवर येणारा गुप्त आकडा ज्याचा त्याने सांभाळावा. मोबदल्यात मुलांनी एकच मागावे, ते म्हणजे आठवणी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास कोठे गेला होता, सुकडी कशी लागे, हे विचारून वहीत लिहावे. त्याच दुष्काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, हे शिक्षकांनी जोडून सांगावे. अशी वही गावाची दौलत होईल.

(उ) मुठीचे धान्य. नाताळच्या सुटीत मुले गाणी गात घरोघर जातात. जमलेल्या पैशातून खाऊ जरूर घ्यावा. पण धान्य जमेल ते, आजारी असलेल्या किंवा कमावता माणूस गेलेल्या घरी पोहोचवावे. ते घर आमच्या मंडळीचे असलेच पाहिजे असे नाही. पोहोचविणारे दोघेच असावे, आणि अंधार पडल्यावर जावे. घेणाऱ्याची अब्रू हीसुद्धा दानाचा भाग आहे.

५. जपावयाच्या गोष्टी

मे महिन्याच्या उन्हात मुलांस राबवू नये. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर काम करावे. डोक्यास फडके व जवळ पाणी असावे. विहिरीतील गाळ, शेततळे, वीज व रस्त्यावरील वाहतूक यांपासून मुलांस दूर ठेवावे. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेला पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही.

दगड हाताने उलटू नयेत, काठीने उलटावे, कारण खाली विंचू असतो. विंचू चावल्यास मंत्र, पाला यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी व प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ह्याच जिल्ह्यातील, भोकरदन तालुक्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचविले; त्यांस २०२२ साली पद्मश्री मिळाली. आमच्या मातीतील गरीब घरचा मुलगा काय देऊ शकतो, याचे हे उदाहरण मुलांस अवश्य सांगावे.

मुलींविषयी विशेष सांगणे आहे. सुटीत त्यांस विश्रांती मुळीच नसते. पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे हे सर्व त्यांच्याच माथी. त्यांत सेवेचा नवा भार घालून मुलग्यांस मोकळे सोडणे अन्याय होईल. ज्या घरची मुलगी शिकवावयास जाते, त्या घरच्या मुलाने तेवढा वेळ घागर उचलावी. सेवेचा पहिला धडा घरात, आणि तोही बहिणीपाशी.

६. आठवड्याचा क्रम

सोमवार ते शुक्रवार सकाळी पाऊण तास वाचनवर्ग. मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी एक तास पाणी व रोपे. शनिवारी वृद्धांच्या भेटी. रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटे मुलांनी केलेल्या कामाचा वृत्तांत सांगावा. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. बक्षिसे देऊ नयेत. ज्याने कमी केले, त्याचे नाव घेऊ नये. जो मुलगा शेतात किंवा घरी गुंतला, त्यास गैरहजर न म्हणता, त्याची घरची मदत हीही सेवाच धरावी.

नामानाच्या घरची मुलगी पुढे मायदेशी परतली की नाही, हे शास्त्र सांगत नाही. तिला कोणी धन्यवाद दिल्याचेही लिहिलेले नाही. आमच्या मुलांचेही कदाचित तसेच होईल. गाव त्यांचे नाव घेणार नाही. पण जून महिन्यात ऊसतोड्याचे एक लेकरू न अडखळता पाटीवरचे आपले नाव वाचील, तर त्या सुटीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. नामानाच्या घरच्या मुलीची चाकरी व तिने दिलेला शब्द यांत भेद कोणता?

२. आपल्या गावात कोणते काम अजून एकाच आळीच्या माथी आहे? ते सर्वांचे कसे होईल?

३. आपल्या ओळखीचे कोणते मूल यंदा ऊसतोडीहून परतले? त्यास शिकवावयास कोण जाईल?

४. आपल्या घराच्या पत्र्याची लांबी-रुंदी मोजा. वीस मिलिमीटर पावसात किती घागरी पाणी मिळेल?

५. ह्या सुटीत तुमच्या बहिणीचे कोणते एक काम तुम्ही आपल्याकडे घ्याल?